पिसारी पतंग आणि आपलें शिक्षण

सातारा व सांगली या जिल्ह्यांतील ज्या विद्यार्थ्यांच्या घरीं तूर पिकते, त्यांस शेंगेंतील अळी परिचयाची आहे. परंतु ती अळी आणि त्याच शेतांत संध्याकाळीं उडणारा काडीसारखा किडकिडीत पतंग हीं एकाच जिवाचीं दोन रूपें आहेत, असें वर्गांत सांगितलें म्हणजे बहुतेकांस नवल वाटतें. शेतकऱ्याच्या मुलांस हें नवल वाटावें, याचें मला वाईट वाटतें.

या कीटकास पिसारी पतंग म्हणतात. १८८५ सालीं वॉल्सिंगहॅम या इंग्रज अभ्यासकानें त्याचें शास्त्रीय वर्णन केलें. त्याचे पुढचे पंख दोन भागांत व मागचे तीन भागांत चिरलेले असून कडांना पिसांसारखी झालर असते. मादी कळ्यांवर व कोंवळ्या शेंगांवर अंडीं घालते. हिरवट-तपकिरी केसाळ अळी प्रथम शेंगेची साल खरवडते, मग भोंक पाडून आंतील दाणे खाते. कोषही शेंगेवरच असतो व तो इतका अळीसारखा दिसतो कीं, पुष्कळ लोक त्यास अळीच समजतात.

कोणी पालक म्हणतील, "अळ्या पाहण्यासाठीं का आम्ही मुलांस शाळेंत घालतों?" त्यांस मी फ्लेचर यांचें उदाहरण देईन. ब्रिटिश आरमारांतील या अधिकाऱ्यानें सिलोन व दूरच्या सेशेल्स बेटांवरील पिसारी पतंगांवर १९०९ व १९१० सालीं लेख प्रसिद्ध केले. पुढें बिहारांतील पुसा येथें ते सरकारी कीटकशास्त्रज्ञ झाले, आणि बेटांवरील छंद येथील शेतीच्या कामीं आला.

शिवाय शेंगेस भोंक दिसल्यावर धांवपळ करून गेलेला दाणा परत येत नाहीं. जो कीड ओळखतो, तो तूर फुलावर येतांच पाहणी करतो व ५ टक्के निंबोळी अर्क वेळेवर फवारतो. उगाच जहाल विष मारलें, तर या अळीवर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्याही मरतात, हें त्यास ठाऊक असतें.

म्हणून विद्यार्थीमित्रहो, नाताळच्या सुटींत तुरीचीं दहा झाडें निवडा. रोज सकाळीं तीं पाहा व जें दिसेल तें वहींत लिहा. कोष असलेली शेंग बरणींत ठेवून तोंडास फडकें बांधा. थोड्याच दिवसांत पतंग बाहेर येईल. आणि पालकांस माझी विनंती आहे कीं, ती बरणी घरांत दिसली तर रागावूं नये. मुलाजवळ बसून आपणही ती पाहावी.