रुमालाची गाठ सोडण्यापूर्वी

मा. संचालक, पुराभिलेख संचालनालय, महाराष्ट्र शासन यांसी,



पुण्याच्या पुरालेखागारातील त्या जुन्या दगडी वास्तूत रुमालांत बांधून ठेवलेले पेशवेकालीन कागद ज्याने एकदा हाती घेतले, बोरूने लिहिलेली मोडी अक्षरे आधी ओढलेल्या शिरोरेषेखाली एकमेकांत कशी गुंतत जातात हे पाहिले, आणि मायना संपल्यावर कोणाची कोणती नड पुढे उभी राहते ते अक्षर अक्षर लावून वाचले, त्याला या दफ्तराविषयी अलिप्तपणे लिहिता येत नाही. मला तर येतच नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे.

हे कागद इतिहासाच्या प्रेमापोटी जपले गेले नाहीत, हे आपण जाणताच. १८१८ साली पेशव्यांचे राज्य गेले, आणि नव्या सरकारला कोणाची जमीन इनाम, कोणाची रयतावा, कोणाचे वतन खरे आणि कोणाची सनद बनावट, एवढेच प्रथम ठरवावयाचे होते. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा सनदा, महजर, ताळेबंद यांची झडती सुरू झाली आणि जुने दफ्तर हा सरकारच्या दृष्टीने मुख्यत्वे पुरावा ठरला. परंतु दफ्तर म्हणजे निव्वळ सनदा नव्हेत. रोजकीर्दी, घडण्या, प्रांत अजमास यांच्या त्या अफाट राशीत कुणाच्या ज्वराचे वर्तमान, कुणाच्या सावकाराचा तगादा, काशीयात्रेस निघालेल्या वडील मंडळींची काळजी असे खाजगी कागदही आले आणि हिशेबाच्या पंक्तीला बसून तरले. ज्यांनी ते सांभाळले त्यांना त्यांत सारा दिसत होता. आम्हांला त्यांत माणसे दिसतात.

न्यायमूर्ती रानडे यांनी या दफ्तराचे मोल ओळखले आणि गणेश चिमणाजी वाड यांच्या हातून रोजनिशीचे उतारे सिद्ध झाले. पुढे १९३० नंतरच्या अवघ्या काही वर्षांत गोविंद सखाराम सरदेसाई यांनी निवडक कागदांचे ४५ खंड छापून काढले, आणि त्यांत पेशव्यांच्या खाजगी जीवनाच्या कागदांनाही जागा दिली. त्या परिश्रमांपुढे मस्तक नमते. तथापि निवड ती निवडच. ज्यांचे नाव कोणत्याही लढाईशी वा तहाशी जोडता आले नाही, त्यांचे कागद रुमालात परत गेले, आणि रुमालावर प्रांताचे किंवा खात्याचे नाव एवढीच खूण राहिली.

आता हे कागद यंत्राने चित्रित करून जतन करण्याचे युग आले आहे, आणि त्याचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. पण याच जागी माझ्या विनंतीचे मूळ आहे. सरकारी पत्रावर सुहूर सन असतो: 'इहिदे सितैन मया व अलफ' असे शब्द दिसले की जाणता माणूस ११६१ हा आकडा लावतो, म्हणजे मृगापासून मृगापर्यंतचे १७६० आणि १७६१ यांतील वर्ष, पानिपताचे वर्ष. खाजगी पत्राचे तसे नसते. मुलाने आईला लिहिताना वर्ष कशाला लिहावे? 'छ' म्हणून चंद्र आणि मुसलमानी महिना, किंवा नुसती तिथी आणि वार, एवढ्यावर तो थांबतो, कारण त्या घरात चालू साल कोणते हे सर्वांना ठाऊक असते. दोनशे वर्षांनी ते ठाऊक असणारा एकच साक्षीदार उरतो, तो म्हणजे शेजारचा कागद: त्याच पुडक्यातील हुंडीची याद, त्याच दुमडीत घातलेला जासुदाच्या रोजमुऱ्याचा चिटोरा. हा शेजार एकदा मोडला, कागद सुटे करून आकाराप्रमाणे वा विषयाप्रमाणे लावले, की चित्र कितीही स्वच्छ निघाले तरी पत्र कायमचे निर्वर्ष होते. म्हणून गाठ सोडण्यापूर्वी रुमालाची, पुडक्याची आणि प्रत्येक बंदाच्या क्रमाची नोंद व्हावी, आणि ती नोंद चित्राबरोबर अभ्यासकाला मिळावी.

शेजारच्या कागदांनी काय घडते हे इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ साली दाखवून दिले. वाईस मिळालेली पत्रे त्यांनी आपल्या इतिहाससाधनांच्या पहिल्या खंडात छापली, तेव्हा पानिपतावरील मराठी फौजेचे सेनापती भाऊसाहेब यांनी गोविंदपंत बुंदेल्यांस पैका आणि रसद यांसाठी धाडलेली निकडीची पत्रे एकापुढे एक वाचता आली, आणि पानिपत हा केवळ एका दिवसाचा संग्राम न राहता कित्येक महिन्यांच्या उपासमारीचा वृत्तान्त झाला. त्यांतले एखादे पत्र एकटे हाती आले असते, तर ते तगादा म्हणून कुणी बाजूस टाकले असते.

दुसरी विनंती थोडक्यात. नामसूचीत सरदारांबरोबर कुणबिणी, जासूद, वैद्य, माहेरी पत्र लिहवून घेणाऱ्या बायका यांचीही नावे यावीत, आणि हे काम करणारे मोडीवाचक कायम नेमणुकीवर असावेत. ऱ्हस्वदीर्घाचा भेद न पाळणारी ही लिपी उमेदवारीवाचून येत नाही. मला ती शिकवणारे कुलकर्णी एकेका हाताचे वळण ओळखण्यासाठी महिनाभर एकच लेखक वाचावयास लावीत.

शेवटी घरचे सांगतो. माझ्या आजोळी माडीवर मोडी कागदांची एक पेटी होती. वाटण्या झाल्या त्या वर्षी, कोर्टात उपयोगी पडतील तेवढे खरेदीखतांचे कागद काढून घेऊन, बाकीचे पाणी तापविण्याच्या बंबात गेले. कुणाचे मन दुष्ट नव्हते; ते वाचणारे घरात कुणी उरले नव्हते, इतकेच. मी पोहोचलो तेव्हा एक पुडके शिल्लक होते. त्यांतले वरचे पत्र सुनेच्या बाळंतपणाविषयी आहे, त्यावर वर्ष नाही, आणि खालच्या दहा कागदांपैकी कोणता त्याचे वर्ष सांगेल हे मला अद्याप उमगलेले नाही, म्हणून त्याचा दोरा मी पुन्हा होता तसाच बांधून ठेवला आहे. आपल्या दफ्तरी खाजगी कागद त्यांच्या मूळ क्रमासह स्वीकारले जाणार असतील, तर ते पुडके मी स्वतः घेऊन येईन.

उत्तराची प्रतीक्षा आहे. लोभ असावा, हे विनंती.

आपला,
एक मोडीवाचक