बाहूवरील गरुड

नौदलाच्या ॲडमिरलांच्या स्कंधपट्ट्यांचा नवा घाट २९ डिसेंबर २०२३ रोजी जाहीर झाला आणि शिवछत्रपतींच्या राजमुद्रेवरून स्फुरलेला अष्टकोन त्यांवर विराजमान झाला. तत्पूर्वी २ सप्टेंबर २०२२ रोजी नौदलाच्या ध्वजावरील सेंट जॉर्जचा तांबडा क्रूस जाऊन तेथेही अष्टकोन आलेला होता. हे दोन्ही फेरफार उचितच झाले. स्वतंत्र राष्ट्राच्या युद्धनौकांवर जुन्या राज्यकर्त्यांचा क्रूस पन्नासाहून अधिक वर्षे फडकत राहावा, २००१ साली तो एकदाचा उतरवावा आणि २००४ साली पुन्हा चढवावा, हा प्रकार स्वाभिमानी मनास खटकणाराच होता. परंतु ह्याच न्यायाने भूसेनेच्या डिव्हिजनांची जुनी बाहुचिन्हेही पुसून टाकावीत असे उद्या कोणी म्हणू लागेल, तर त्यास आमचा विरोध राहील.

ध्वजावरील क्रूस हे राजसत्तेचे चिन्ह होते. बाहुचिन्हाची जातकुळी निराळी. आपल्या दलाचे नाव शत्रूस कळू नये, पण आपल्या माणसास आपली गाडी व आपला तळ ओळखता यावा, ह्या व्यवहारी गरजेतून पहिल्या महायुद्धात त्याचा प्रसार झाला. म्हणून त्यावर अक्षर नसे. असे तो एखादा पक्षी, बाण वा अग्निगोल. त्यास अर्थ आला तो मागाहून, रणांगणावर.

चौथ्या डिव्हिजनचा काळ्या चौकोनावरील तांबडा गरुड पाहावा. त्याचा जन्म इंग्रजी अमदानीतला, ह्यात शंका नाही. १९४१ साली इरिट्रियातील केरेनच्या कड्यांवर आणि १९४४ साली इटलीत कॅसिनोच्या मठाखाली तो परक्या राजाच्या वतीने लढला, हेही खरेच; मात्र तेथे सांडलेले रक्त आपल्या खेड्यापाड्यांतील तरुणांचे होते. पुढे नोव्हेंबर १९६२ मध्ये सेला-बोमडिलाच्या मुलुखात ह्याच डिव्हिजनची चिन्यांपुढे दाणादाण उडाली. त्या वेळी हे चिन्ह टाकून देण्यास निमित्त पुरेसे होते. ते टाकले गेले नाही, आणि सप्टेंबर १९६५ मध्ये खेमकरणजवळच्या असल उत्तर येथे ह्याच डिव्हिजनने पाकिस्तानच्या पॅटन रणगाड्यांचे स्मशान केले. अब्दुल हमीद यांनी मरणोत्तर परमवीरचक्र मिळविले ते तेथेच. तीनच वर्षांपूर्वी जे चिन्ह पराभवाची आठवण देत होते त्याच चिन्हाखाली हे घडले! नवे कोरे चिन्ह लावून १९६२ची आठवण कदाचित झाकता आली असती; १९६५ची भरपाई मात्र त्या जुन्या गरुडाच्याच नावे जमा व्हावयास हवी होती.

चिन्ह कधीच बदलू नये, असा आमचा हट्ट नाही. अमेरिकेच्या ४५व्या इन्फन्ट्री डिव्हिजनने १९२४ साली तांबड्या चौकोनावर पिवळे स्वस्तिक घेतले होते, आणि तेही तेथील आदिवासींच्या मांगल्यचिन्हाचा मान म्हणून. हिटलरने स्वस्तिकाची जी गत केली ती पाहता १९३९ साली त्याजागी त्याच आदिवासींच्या पुराणकथांतील मेघगर्जना करणारा पक्षी आणण्यात आला. एप्रिल १९४५ मध्ये डाखाऊची छळछावणी मुक्त करणाऱ्यांत ह्या डिव्हिजनचे सैनिक होते; त्यांच्या बाहूवर जुने स्वस्तिक असते तर आतल्या कैद्यांस काय वाटले असते, ह्याची कल्पनाही करवत नाही.

आपल्या गरुडास असा कोणताही डाग लागलेला नाही. तरीही कधी त्याचा विचार निघालाच, तर दिल्लीच्या कार्यालयातून आज्ञा सुटण्यापूर्वी ज्यांनी तो बाहूवर वागविला त्या आजीमाजी जवानांचे म्हणणे ऐकले जावे, एवढीच आमची मागणी आहे.