बिनशर्त आलो, लेखी काय मिळालं?



मालकाशी वाटाघाट झाली, की साचेखात्यातला जुना कामगार पहिला प्रश्न विचारतो : कागद झाला का? कागद झाला असेल तर दुसरा प्रश्न : त्यात "देईल" लिहिलंय का "देता येईल" लिहिलंय? या दोन शब्दांत अख्ख्या वर्षाच्या बोनसचा फरक पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. राज्य आणि मध्यवर्ती सरकार यांच्या अधिकाराचं भांडण निघालं की मोठमोठे वकील भाषणं करतात. पण त्यातली गोम आपल्या या दोन प्रश्नांतच आहे.

हे भांडण अमेरिकेत दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेलं. तेरा राज्यांनी १७७६ साली इंग्रजाला झुगारलं आणि आपसांत एक ढिला संघ केला. त्या संघाच्या सभेला कर बसवायचा अधिकार नव्हता. फौजेचा पगार द्यायचा तरी राज्यांपुढं पदर पसरायचा. १७८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यात कर्जानं पिचलेले शेतकरी डॅनियल शेज नावाच्या माजी लष्करी अधिकाऱ्याच्या मागं उभे राहिले आणि जप्तीचे हुकूम काढणारी कोर्टं त्यांनी बंद पाडली. लढाईतून परत आलेले शिपाईही त्यात होते. सावकार-व्यापारी हादरले. लगेच पुढच्या वर्षी फिलाडेल्फियात बळकट मध्यवर्ती सरकारची घटना तयार झाली. बळकट सरकार कुणाला कशासाठी हवं असतं, ते यातून ओळखा.

या घटनेच्या बाजूचे ते फेडरॅलिस्ट. त्यांचा मोठा पुढारी हॅमिल्टन. विरोधात पॅट्रिक हेन्री, जॉर्ज मेसन अशी व्हर्जिनियाची माणसं. त्यांचं म्हणणं साधं होतं : लांबचं सरकार आमच्यावर राज्य करणार, आणि आमचे हक्क तर कुठंच लिहिलेले नाहीत! यावर ते अडून बसले. नॉर्थ कॅरोलिनानं १७८८ साली मान्यता द्यायचं नाकारलं. ऱ्होड आयलंड हे टीचभर राज्य १७९० पर्यंत बाहेरच राहिलं. या रेट्यामुळं १७९१ मध्ये घटनेला दहा दुरुस्त्या जोडाव्या लागल्या. दहावीत लिहिलं, की जो अधिकार मध्यवर्ती सरकारला दिलेला नाही तो राज्यांचा किंवा जनतेचा. आणि मूळ घटनेतच असं कलम आहे, की राज्याच्या विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याचे तुकडे पाडता येणार नाहीत.

राजधानीचा सौदाही याच भांडणात झाला. राज्यांची लढाईची कर्जं मध्यवर्ती सरकारनं अंगावर घ्यावीत, हा हॅमिल्टनचा आग्रह. दक्षिणेच्या काही पुढाऱ्यांनी त्याला मतं दिली आणि बदल्यात १७९० साली राजधानी पोटोमॅक नदीकाठी ओढून नेली. शहरावरून सौदे कसे होतात, हे मुंबईसाठी रक्त सांडलेल्या महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. १६ जानेवारी १९५६ ला पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा केली होती. चिंतामणराव देशमुखांनी त्यापायी अर्थमंत्रिपद सोडलं.

पण म्हणून केंद्र वाईट आणि राज्य चांगलं, असा सरधोपट हिशेब मी मांडत नाही. अमेरिकेत "राज्यांचे हक्क" ही आरोळी पुढं गुलामांच्या मालकांनीच सर्वांत मोठ्यानं ठोकली. आणि आपण तर मराठवाड्याची माणसं. उमरीची बँक लुटून निजामाशी झुंजणारे आपलेच होते, तरी सप्टेंबर १९४८ मध्ये रझाकारांचा पाडाव करायला फौज दिल्लीचीच आली. ते उपकार कोण विसरेल? मात्र सोडवायला आलेला पुढं खुर्चीवरही बसला. आधी लष्करी गव्हर्नर जनरल चौधरी, मग १९५० पासून वेल्लोडी. १९५२ ची निवडणूक होईपर्यंत हैदराबादचा कारभारी दिल्लीनंच नेमला.

आता आपला कागद तपासू. २८ सप्टेंबर १९५३ ला नागपूर करार झाला. मराठवाड्याला लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा, नोकऱ्या, शिक्षणाच्या सोयी, असं त्यात कबूल केलं. पण तो पुढाऱ्यापुढाऱ्यांतला करार, त्याला कायद्याचं बळ नव्हतं. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण द्विभाषिक मुंबई राज्यात आलो, १ मे १९६० ला महाराष्ट्रात. बिनशर्त आलो, असं आपण अजून छाती पुढं काढून सांगतो. मन मोठं होतं खरं. पण ऱ्होड आयलंडवाले आपल्यापेक्षा हिशेबी निघाले!

सीमासुद्धा दिल्लीच्या कायद्यानं आखली. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे आजच्या लातूर जिल्ह्यातले तालुके बीदरमधून आपल्याकडं आले, आदिलाबादमधून किनवट आलं. पण भालकी-औराद म्हैसूरला गेलं. नांदेड जिल्ह्यातली मुधोळ, भैंसा, कुबीर आणि देगलूर तालुक्यातली बिचकुंदा, जुक्कल ही मंडळं आंध्रात गेली. घटनेच्या कलम ३ प्रमाणं विधिमंडळाचं फक्त मत मागवायचं असतं. ते मत पाळायला संसद बांधलेली नाही.

१९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीनं कलम ३७१ (२) मध्ये आपल्यासाठी वैधानिक विकास मंडळाची सोय केली. निधीचं न्याय्य वाटप, तंत्रशिक्षण, नोकऱ्या, सगळं तिथं आहे. फक्त क्रियापद बघा. राष्ट्रपतींना तसा आदेश "काढता येईल". काढलाच पाहिजे, असं नाही. आदेश निघाला १९९४ साली. अडतीस वर्षं! मधल्या काळात १९८४ मध्ये दांडेकर समितीनं अनुशेष रुपयांत मोजून दिला, तरी मंडळाला आणखी दहा वर्षं लागली. ३० एप्रिल २०२० ला त्याची मुदत संपली. २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं ते पुन्हा उभं करायचं ठरवलं, पण आदेश राष्ट्रपतींचाच लागतो. म्हणजे मुंबईनं दिल्लीकडं बोट दाखवायचं, दिल्लीनं फाईल ठेवून घ्यायची. वार चुकवायला दोघांनाही जागा.

आणि आपल्याला मुंबई हीच जवळची दिल्ली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५५ साली भाषिक राज्यांवर पुस्तक लिहून मराठी मुलखाचे चार भाग सुचवले होते, त्यात मराठवाडा वेगळा. ती सूचना मला पटत नाही, मराठी माणूस एका राज्यातच हवा. पण मागास मुलूख पुढारलेल्यांच्या हाताखाली दबून राहील, ही त्यांची धास्ती खोटी म्हणता येत नाही.

गिरणीचंच घ्या. १९७४ च्या कायद्यानं आजारी गिरण्या केंद्रानं ताब्यात घेतल्या, त्यात नांदेडची उस्मानशाही मिलही होती. तेव्हा चुली वाचल्या. पण यंत्र बदलायचं का नाही, गिरणी चालवायची का मोडायची, हे ठरवायची जागा दिल्लीला गेली, आणि शेवटी गिरणी बंद पडली. रेल्वेचंही तसंच. २०१६ च्या एप्रिलात तहानलेल्या लातूरला मिरजेहून रेल्वेनंच पाणी आणलं, त्याबद्दल रेल्वेचे आभार. पण रूळ कुठं टाकायचे, हे लातूरला विचारून ठरत नाही.

तेव्हा मत मागायला येणाऱ्याला, कुठल्याही झेंड्याचा असो, सभेत उभं राहून दोन गोष्टी विचारा. कलम ३७१ (२) मधलं "काढता येईल" खोडून "काढलाच पाहिजे" घालायला तो संसदेत दुरुस्ती मांडणार का? आणि मंडळाची मुदत संपली की ते आपोआप मरणार नाही, अशी तरतूद करणार का? उत्तर तोंडी देऊ लागला तर त्याच्यापुढं कागद धरा.