जड उचलू नये

गोदीतल्या हमालाच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरनं लिहिलंय : जड उचलू नये.

हसू नका. कार्ड माझ्यापुढं पडलंय. सगळं इंग्रजीत. मॅट्रिकपर्यंत इंग्रजी घासलं म्हणून मला निदान लागतं तरी. पुढं लिहिलंय : उकिडवं बसू नये. मांडी घालू नये. कमोडचा संडास वापरावा. सहा आठवडे पायावर भार देऊ नये. अंडी, दूध, डाळी भरपूर. टाके काढायला बारा दिवसांनी ओपीडीत. आणि सगळ्यात खाली तो शब्द, जो सगळ्यांच्याच कार्डावर असतो : रेस्ट.

हे कार्ड आमच्या टोळीतल्या मामाचं. टोळीतले सगळेच त्याला मामा म्हणतात. पन्नाशी उलटलेला माणूस. स्टीलच्या कॉइलीखालची लाकडी पाचर सरकली आणि खुब्याजवळचं हाड मोडलं. एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात आत सळई घातली. ऑपरेशन चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. ज्या डॉक्टरनं केलं तो पोरगा माझ्याच वयाचा, डोळे लाल, दोन रात्री झोपला नव्हता. दहाव्या दिवशी सकाळी राऊंड झाला आणि दुपारी सिस्टर म्हणाली, खाट खाली करा. व्हरांड्यात जमिनीवर गादी टाकून दुसरा एक जण खाटेची वाट बघत होता, त्याचंही हाड मोडलेलं. तेव्हा खाट सोडायची नाही असं मी म्हणत नाही. माझा सवाल एवढाच की खाटेवरून उठवलेला माणूस जातो कुठं, हे त्या पाच मजली इमारतीत एका तरी माणसाला ठाऊक असतं का?

मामा कुठं गेला ते सांगतो. टॅक्सी वस्तीच्या तोंडाशी थांबली. आत तीन फुटांचा बोळ. आम्ही चौघांनी त्याला खुर्चीत घालून उचलला, जसा लॉट उचलतो तसा. खोली माळ्यावर, वर जायला लोखंडी शिडी. पाणी नळीनं येतं, तेही विकतचं. संडास सार्वजनिक, बसायचा, रांगेचा, मधे दोन गटारं. आता ह्यात कमोड कुठं बसवायचा, ते कार्डात लिहिलेलं नव्हतं.

उपाय मामीनं काढला. प्लास्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडलं, खाली बादली ठेवली. ती बादली घेऊन मामी पहाटे अंधारात शिडी उतरायची. आजारी नवऱ्याचं करण्यात कमीपणा नाही, असं मी बोललो असतो तर मामीनंच मला झाडलं असतं. पण दोस्तांनो, हाताने मैला उचलायच्या कामावर बंदी घालणारा कायदा १९९३ साली झाला, २०१३ साली दुसरा झाला. आणि एक कागद बाईच्या हातात पुन्हा बादली देतो, बिनपगारी, आणि त्याला म्हणतात घरची काळजी. मामीची धुण्याभांड्याची दोन घरं होती. महिन्यात दोन्ही सुटली. 'रेस्ट' हा शब्द असा फुटतो : एकाला पडून राहायचं, दुसरीनं दोघांचं मरायचं.

पंधरवड्यानं जखम वाहायला लागली. जवळच्या दवाखान्यात गेलो तर म्हणाले, ऑपरेशन केलं तिकडं जा. आरोग्य सेविका बोळात येऊन गेली होती, पोलिओच्या डोसाची पोरं आणि पोटुशा बाया विचारत. बिचारी चांगली. पण तिच्या वहीत मामासाठी रकानाच नव्हता. ओपीडीत दुसराच डॉक्टर होता. जखम बघून म्हणाला, पायावर भार दिलात ना? तुम्ही लोक सांगितलेलं ऐकत नाही. मग केसपेपरवर एक शब्द लिहिला, नॉन-कम्प्लायंट. तो मी डिक्शनरीत काढून बघितला. सांगितलेलं न पाळणारा. ही पदवी आपल्याला ह्या देशात पिढ्यान्‌पिढ्या मिळत आलीय, आता ती इंग्रजीत आली इतकंच. शिडी उतरल्याशिवाय ओपीडीत कसं यायचं, हे त्या शहाण्यानं विचारलं नाही.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये काठेवाडातली एक हकीकत दिलीय. एका अस्पृश्य मास्तराचं पत्र, १९२९ साली 'यंग इंडिया'त छापलेलं. बायको दोन दिवसांची बाळंतीण, आजारी. डॉक्टर वस्तीत पाऊल टाकायला तयार नाही. नगरशेठकडून शब्द टाकल्यावर आला, पण वस्तीबाहेर उभा राहिला. बाळंतिणीलाच बाहेर आणायला लावलं. थर्मामीटर आधी एका मुसलमानाच्या हातात, त्याच्याकडून नवऱ्याच्या, मग बाईच्या, आणि तसंच उलट परत. न्यूमोनिया म्हणाला, औषध पाठवलं, परत बघायला आला नाही. बाई मेली.

आज थर्मामीटर सरळ तोंडात घालतात. रक्त घेतात, रक्त देतात, कुणाचं कुणाला ते विचारत नाहीत. हे आयतं मिळालेलं नाही, लढून मिळवलंय. पण वस्तीची वेस अजून तिथंच आहे. डॉक्टर अजून बाहेरच उभा आहे, आत फक्त कार्ड पाठवतो.

कुणी म्हणेल, ह्यात जात कुठं आली? वस्तीत मुसलमान आहेत, यूपीवाले आहेत, कोकणातले मराठेही आहेत, सगळ्यांना हेच कार्ड मिळतं. मिळतं की. म्हणून तर म्हणतो, त्यांनाही बरोबर घ्या. पण कार्ड लिहिणाऱ्याच्या डोळ्यापुढं जे घर असतं, लिफ्टचं, कमोडचं, घरात बसून सूप करून देणाऱ्या बाईचं, ते घर ह्या देशात कुणाच्या वाट्याला आलं आणि कुणाच्या नाही, हा हिशेब जातीशिवाय मांडून दाखवा.

आणि हे जमत नाही असं कुणी सांगू नये. सरकारला जिथं जायचं असतं तिथं ते बरोबर जातं. हॉस्पिटलात जन्मलेल्या पोरासाठी आशानं घरी कुठल्या दिवशी जायचं ते २०११ पासून ठरलेलं आहे : ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. त्याच्या आधी गडचिरोलीच्या खेड्यांत डॉक्टर राणी आणि अभय बंग यांनी शिकवलेल्या गावच्या बायांनी घरोघर जाऊन नवजात पोरांचे मृत्यू निम्म्याहून खाली आणले होते. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं, जगानं वाचलं. टीबीच्या पेशंटचं नाव यादीत चढतं, नोव्हेंबर २०२४ पासून पोषणाला महिना हजार रुपये ठरलेत (खात्यावर कधी येतात ते वेगळं विचारा). मानसिक आजाराच्या पेशंटला सोडताना पुढं काय, कोण बघणार, हे त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून ठरवायचं, असं २०१७ च्या कायद्यात ९८ वं कलमच आहे. केरळानं २००८ साली धोरण केलं आणि अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी पंचायतीची नर्स पोचवली. मग हाड मोडलेला हमाल, लकवा मारलेली म्हातारी, पाय कापलेला साखरेचा पेशंट, हे कुठल्या यादीत? आयुष्मान योजनेत डिस्चार्जनंतरचे पंधरा दिवस धरलेत. हाड सहा आठवड्यांचं बोलतंय.

दुसरी गोष्ट पोटाची. १९४२ ते ४६ बाबासाहेब मजूर खात्याचे मंत्री होते. त्या काळात, १९४४ साली, अडारकरांचा अहवाल आला आणि त्यातून १९४८ चा ईएसआय कायदा उभा राहिला. त्यात नुसतं औषध नव्हतं, आजारपणातला रोख भत्ताही होता. आजारी कामगाराला औषधाइतकाच पगार लागतो, हे तेव्हा ज्यांना कळलं ते आजच्या कंत्राटदाराला कसं कळवायचं? मामाच्या कंत्राटदारानं पाच हजार रुपये हातावर टेकवले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. तो कागद हा दुसरा डिस्चार्ज.

मला हवंय ते फार मोठं नाही. भरती करताना केसपेपरवर धर्म विचारता, तेव्हाच विचारा : किती पायऱ्या, संडास कसला, दिवसा घरात कोण, रोजी किती बुडते. सोडायच्या दिवशी नव्हे, घेतल्या दिवशी. कार्ड पेशंटच्या भाषेत, मराठी, हिंदी, उर्दू, आणि सिस्टरनं बसून वाचून दाखवलेलं. त्याची एक प्रत वस्तीच्या दवाखान्याला त्याच दिवशी, म्हणजे 'तिकडं जा' म्हणायची सोय उरणार नाही. पहिल्या आठवड्यात पगारी नर्स दारात. पगारी म्हणतोय, कारण हे सगळं उद्या आशाच्या नाहीतर सेविकेच्या डोक्यावर मानधनात टाकतील आणि मोकळे होतील. महाराष्ट्रातल्या आशा ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२४ मध्ये संपावर गेल्या त्या काही हौसेनं नव्हे. त्यातल्या कितीजणी आपल्याच घरातल्या आहेत ते बघा. आणि वॉकर, कमोडची खुर्ची हॉस्पिटलनं उसनी द्यावी. सोशल वर्करच्या खोलीबाहेर ट्रस्टच्या चिठ्ठीसाठी दिवस काढायला लावू नये.

आता आपलं. मोर्चा काढायला आपण पुढं. पण मामा वीस दिवस माळ्यावर पडून होता तेव्हा आपल्या छावणीतले किती वर चढले? मी धरून दोन. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, हे मामीला वाचून दाखवायला आठवीतला पोरगा पुरला, त्याला क्रांतिकारक असावं लागलं नाही. चौदा एप्रिलच्या एका रात्रीच्या डीजेत किती वॉकर येतात, हा हिशेब मी मीटिंगमध्ये मांडला तर काही जण तोंड वाकडं करून उठून गेले. जाऊ देत, परत येतील.

मामा आता काठीवर चालतो. गोदीत परत नाही, वस्तीच्या तोंडाशी पेरू विकतो. भोकाची खुर्ची त्याला लागत नाही. ती धुऊन, पाय तारेनं घट्ट करून विहाराच्या मागच्या खोलीत आणून ठेवलीय. तिच्याशेजारी एक वॉकरही आहे, जुना, रबर झिजलेला. लागेल त्यानं न्यावं, कुठल्याही जातीच्या माणसानं. काम झालं की धुऊन परत आणावं. चावी समोरच्या पानवाल्याकडं आहे.