महाल नव्हे, मकबरा

गेल्या रविवारी धाकटा मुलगा मोबाईल घेऊन जवळ आला. "अम्मी, चांदबीबी महालाचे फोटो बघ." नगरहून पाथर्डीकडे जाताना शाह डोंगरावर दिसते ती अष्टकोनी, तीन मजली दगडी इमारत. पोराने फोटो खरेच छान काढले होते. एका फोटोत भिंतीवर कोरलेली अक्षरे दिसली. मोठी करून पाहिली, तर आमच्याच शाळेचे नाव, 'दहावी ब' आणि साल. त्या साली सहल मीच नेली होती.

मान खाली गेली. तेव्हा मी मुलांना काय सांगितले होते? "हा चांदबीबीचा महाल. बघा आणि तासाभरात खाली या." मी मात्र सावलीत डबे मोजत बसले.

खरे तर तो महाल नाहीच. तो सलाबतखानाचा मकबरा आहे. सलाबतखान हा मुर्तजा निजामशाहाचा वजीर. नगरचा फराह बाग १५८३ मध्ये पूर्ण झाला, तो त्याच्याच देखरेखीखाली. चांदबीबी १५९५ मध्ये मोगलांशी लढली ती नगरच्या भुईकोट किल्ल्यात, या डोंगरावर नव्हे. इमारतीच्या तळघरात कबरी आहेत. मुलांना तो रिकामा वाडा वाटला. कबरस्तानाचा अदब आपल्या मुलांना घरातूनच ठाऊक असतो. मी एक वाक्य बोलले असते, तर काही हात तरी थांबले असते.

मुलगा म्हणाला, "फोटोखालचे नाव बदलतो, अम्मी." नाव बदलले. भिंत तशीच राहिली.

आपल्या गावोगावी अशा पडक्या मशिदी, मकबरे, हमाम आहेत. सुटीत मुलांना त्यांचे फोटो काढायला जरूर न्या. देखभाल करणाऱ्यांची परवानगी घ्या. खचलेल्या जिन्यावर, छतावर चढू देऊ नका. शिलालेख दिसला तर खडू किंवा चुना फासू नका. सकाळच्या तिरप्या उन्हात समोरून फोटो घ्या, अक्षरे आपोआप उठून दिसतात. मजकूर फारसी असला, तरी उर्दू वाचणाऱ्या नाना-नानींना त्यातले एखादे नाव, हिजरी साल लागू शकते. त्यांना फोटो दाखवा आणि शेजारी मुलांना बसवा.

यंदाही सहल तिकडेच नेणार आहे. आधी कबरींना सलाम आणि दुआ, मग जिना.