दुभाषी बाईचं काम कुणाच्या हिशेबात?



काही वर्षांपूर्वी भामरागड तालुक्यातल्या एका माडिया गावात आम्ही बायकांच्या आरोग्याच्या पाहणीसाठी गेलो होतो. फॉर्म आम्हीच तयार केला होता, छान शुद्ध मराठीत. शेवटी संमतीची ओळ होती. ती वाचून दाखवली, बायांनी माना हलवल्या, अंगठे उमटले. संध्याकाळी अंगणवाडीच्या ओसरीत बसलो असताना तिथली सेविका हळूच म्हणाली, "ताई, तुमी पावन्या आल्या म्हनून त्या हो म्हनल्या. का विचारलं ते त्याइले समजलाच नाही."

ते अंगठे आम्ही वापरले नाहीत. दुसऱ्या दिवशी तीच सेविका आमच्याबरोबर घरोघर फिरली. प्रत्येक प्रश्न माडियात सांगायचा, उत्तर ऐकायचं, आमच्यासाठी मराठीत आणायचं. दिवसभराच्या या कामाची मजुरी तिला द्यावी, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. आम्ही, ज्या घरकामाच्या मोलावर व्याख्यानं देतो!

हा प्रसंग आज आठवायचं कारण म्हणजे सेविकेच्या हातातला मोबाइल. पूर्वी तिच्याकडे अकरा रजिस्टरं असत. आता गरोदर बाईची नोंद, बाळाचं वजन-उंची, घरी न्यायचा आहार, सगळं ॲपमध्ये भरायचं. १ मार्च २०२१ पासून केंद्र सरकारचं 'पोषण ट्रॅकर' आलं, ते इंग्रजीत. त्याआधीचं 'कॅस' हे सॉफ्टवेअर एका अमेरिकन कंपनीच्या व्यवस्थेवर उभं होतं, पण ते मराठीत चालत होतं. म्हणजे मराठी येत होती आणि मग गेली. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रभर सेविकांनी सरकारी मोबाइल परत केले. जुने, कमी क्षमतेचे, सारखे बंद पडणारे फोन हे एक कारण आणि इंग्रजी ॲप हे दुसरं. संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेली. आज हे ॲप मराठीसह वीसहून अधिक भाषांत आहे. ते कुणाच्या कृपेनं झालेलं नाही. रस्त्यावर बसलेल्या बायांचा त्यात मोठा वाटा आहे, हे विसरू नये.

पण मुळात ते इंग्रजीत आलंच कसं? 'तांत्रिक अडचण' हे उत्तर आपण फार लवकर मान्य करतो. जरा मोठ्या कंपन्यांचा कारभार पाहू. सॅप ही जर्मन कंपनी १९७२ पासून कारखान्यांचे हिशेब, माल, पगार सांभाळणारं सॉफ्टवेअर विकते. ते तीसहून अधिक भाषांत चालतं. एकाच कंपनीचा जपानमधला कारकून जपानीत काम करतो, ब्राझीलमधला पोर्तुगीजमध्ये. आपल्याकडे दुकानदारांच्या ओळखीच्या 'टॅली'त २००६ च्या सुमारास मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या. यामागची रीत सोपी आहे. पडद्यावर दिसणारी वाक्यं मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या यादीत ठेवायची आणि भाषेगणिक ती यादी बदलायची. अक्षरांचं म्हणाल तर देवनागरीला युनिकोडमध्ये १९९१ पासून जागा आहे. भाषांतर करणाऱ्याला, तपासणाऱ्याला पैसे मिळतात, आणि तो खर्च विक्रीच्या किमतीत धरलेला असतो.

थोडक्यात, पैसे मोजणाऱ्या गिऱ्हाईकाची भाषा सॉफ्टवेअर बरोबर शिकतं. अंगणवाडीत गिऱ्हाईक कोण? मंत्रालय. वापरणारी कोण? मानधनावरची सेविका. आणि जिची माहिती भरली जाते ती गरोदर बाई तर या व्यवहारात कुठेच नाही. ज्या दोघींचं सगळ्यात जास्त अडतं, त्यांच्या हातात खरेदीची ताकद नाही. म्हणून त्यांची भाषा शेवटी येते, किंवा येतच नाही.

गडचिरोलीत तर मराठी आली म्हणून प्रश्न संपत नाही. एटापल्ली-भामरागडकडे माडिया, धानोरा-कोरचीकडे गोंडी आणि छत्तीसगढी, सिरोंच्याला तेलुगू, चामोर्शी-मुलचेऱ्याच्या निर्वासित वसाहतींत बंगाली. २०११ च्या जनगणनेत देशात गोंडी बोलणारे सुमारे तीस लाख होते. तरी ती संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नाही, आणि सरकारी कामाच्या भाषांची यादी बहुधा तिथूनच निघते. गोंडीच्या मसराम लिपीला २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीला २०१८ मध्ये युनिकोडमध्ये जागा मिळाली. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आदिवासी विभागानं 'आदि वाणी' हे भाषांतराचं साधन आणलं, त्यात गोंडी आहे. चांगलंच आहे. पण त्यातली गोंडी छत्तीसगढमधली. भामरागडच्या बाईला ती कितपत आपली वाटते, हे तिलाच विचारायला हवं.

आणि नुसते शब्द बदलून भागतं का? गरोदर बाईची नोंद करताना शेवटच्या पाळीची तारीख लागते. मोहफुलं पडायला लागली तेव्हा, तेंदूच्या हंगामाआधी, धान रोवताना अशी उत्तरं येतात. त्यावरून सेविका मनातल्या मनात महिना धरते, चंद्राचा अंदाज विचारते, कुर्माघरात कधी बसली होतीस म्हणून आठवण करून देते, आणि मग एक तारीख भरते. त्या तारखेवरून बाळंतपणाचा दिवस निघणार, तपासण्या ठरणार, पावसाळ्यात नाले भरण्याआधी बाईला दवाखान्याजवळ आणायचं की नाही हे ठरणार. केवढं हे ज्ञानाचं काम! ॲपमध्ये मात्र ते एका चौकटीत बसतं आणि सेविकेच्या नावावर 'नोंद पूर्ण' एवढंच उरतं.

१ जुलै २०२५ पासून घरी न्यायच्या आहारासाठी चेहऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं झालं. आता माडिया आईला सांगायचं की तुझा फोटो काढते, तो आधारशी जुळला पाहिजे, फोनवर आकडा येईल तो सांग. रेंज नसली, चेहरा जुळला नाही, तर समजूतही सेविकेनंच घालायची. फोटो कुठे जातो, नाही म्हटलं तर काय होतं, हे त्या आईला तिच्या भाषेत कुणी सांगितलं आहे का? समजलं नाही तर ती संमती कसली? आमच्या फॉर्मवरच्या अंगठ्यांसारखीच ती.

सर्वोच्च न्यायालयानं एप्रिल २०२२ मध्ये अंगणवाडी सेविका-मदतनीसांना ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यांचं काम 'सेवा' म्हणून ढकलून देता येणार नाही, ही त्यातली गोष्ट आपल्याला महत्त्वाची वाटते. तोच धागा पुढे नेऊन आपण चार मागण्या ठामपणे मांडायला हव्यात. एक, सेविकेचं दुभाष्याचं काम हे काम म्हणून मोजा आणि त्याचा मोबदला द्या. दोन, कुठलंही ॲप सक्तीचं करण्याआधी ते गावात, तिथल्या भाषेत वापरून पाहा, आणि शब्द ठरवताना त्या भाषेच्या बायांना बसवा. तीन, माडिया-गोंडीत बोलून सांगणाऱ्या सूचना द्या, कारण अनेकींना वाचता येत नाही, ऐकता येतं. चार, नोंद अडली म्हणून आईचा आहार आणि सेविकेचं मानधन अडवू नका.

मागण्या सरकारकडे आहेत, पण थोडं आपल्याकडेही पाहू. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला, आपल्यालाही आनंद झाला. इंग्रजी ॲपपुढे सेविका जशी अवघडून बसते, तशीच माडिया बाई आपल्या मराठी शिबिरात बसते. ती गप्प आहे म्हणजे 'लाजते' असं आपण अहवालात लिहितो. आपली पत्रकं, आपली गाणी, कायद्याची माहिती, सगळं मराठीत. चंद्रपूरच्या बैठकीत दूरच्या गावातून आलेली बाई शेवटच्या रांगेत का बसते, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

म्हणून आमच्या गटानं दोन गोष्टी ठरवल्या आहेत. यापुढे गडचिरोलीतल्या प्रत्येक शिबिराच्या अंदाजपत्रकात दुभाषी बाईची दिवसाची मजुरी, तज्ज्ञ पाहुणीच्या मानधनाइतकीच, धरलेली असेल. आणि संमतीची ओळ आधी माडियात-गोंडीत तयार होईल, मग मराठीत. तुमच्या गटात काय करता येईल, सेविकांचा अनुभव काय आहे, ते आम्हाला कळवा. पत्र मराठीतच हवं असं नाही. गोंडीत लिहा, नाहीतर कुणाकडून बोलून पाठवा. वाचून सांगणारी मैत्रीण आम्ही शोधू, आणि तिची मजुरीही देऊ.