‘पृथ्वीला घ्या’ म्हणणाऱ्या चेन्नईच्या चाहत्यांना विरारचाच दुसरा पोरगा कसा मिळाला?

आयपीएलच्या दोन महिन्यांत उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरकडे जाणाऱ्या लोकलमध्ये एक चर्चा हमखास चालते. कोणाला काढायचं, कोणाला घ्यायचं. टीम मुंबई असो की चेन्नई, मत मात्र प्रत्येकाकडे असतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये अशा चर्चांमध्ये आणि त्याहून जास्त सोशल मीडियावर एक नाव सारखं येत होतं. पृथ्वी शॉ.

मागणी सरळ होती. चेन्नई सुपर किंग्ज हरतेय, सुरुवातच संथ होतेय, कॅप्टन जखमी झालाय आणि पृथ्वी घरी बसलाय. मग अडचण काय आहे?

ही मागणी नुसती भाबडी होती असं म्हणून सोडून देता येत नाही. त्यात काही गोष्टी अगदी बरोबर होत्या, एक गोष्ट चुकीची होती, आणि शेवटी जे झालं ते दोन्ही बाजूंना अपेक्षित नव्हतं.

तेव्हा नेमकं काय झालं होतं?

३० मार्च २०२५ ला गुवाहाटीत राजस्थान रॉयल्सविरुद्ध खेळताना ऋतुराज गायकवाडच्या कोपरावर बॉल लागला. बॉल टाकणारा होता तुषार देशपांडे. म्हणजे आपला कल्याणचा तुषार, जो २०२३ मध्ये चेन्नईकडूनच आयपीएल जिंकला होता आणि नंतरच्या लिलावात साडेसहा कोटींना राजस्थानकडे गेला. ऋतुराज त्यानंतरही दोन मॅच खेळला. मग १० एप्रिलला कळलं की कोपराला फ्रॅक्चर आहे आणि त्याचा सीझन संपलाय. कॅप्टनशिप पुन्हा धोनीकडे आली.

दुसऱ्याच दिवशी घरच्या मैदानावर, चेपॉकवर, कोलकात्याविरुद्ध चेन्नईने २० ओव्हरमध्ये ९ बाद १०३ केले. कोलकात्याने ५९ बॉल राखून मॅच संपवली. चेन्नईचा हा सलग पाचवा पराभव होता. पाच वेळा आयपीएल जिंकलेल्या टीमची ही अवस्था. मॅचनंतर धोनीच्या बोलण्याचा सूर असा होता की आमच्या सलामीवीरांची तुलना इतर टीमशी करू नका, त्यांनी आपला नैसर्गिक खेळ खेळावा.

चाहत्यांना नेमकं हेच पटत नव्हतं. बाकीच्या टीम पहिल्या सहा ओव्हरमध्ये मॅच अर्धी खिशात घालत होत्या. चेन्नईने डेव्हन कॉन्वेवर सव्वासहा कोटी, रचिन रवींद्रवर चार कोटी आणि राहुल त्रिपाठीवर तीन कोटी चाळीस लाख खर्च केले होते, पण पहिल्या बॉलपासून तुटून पडणारा खेळाडू त्यांच्याकडे नव्हता. रोग चाहत्यांनी बरोबर ओळखला होता. पुढे कोच स्टीफन फ्लेमिंगनेही लिलावात सगळं जमलं नाही, हे एका अर्थाने मान्य केलं.

मग पृथ्वीच का?

कारण पृथ्वी शॉ म्हणजे आठवणींचा मोठा साठा आहे. २०१३ मध्ये हॅरिस शिल्डमध्ये शाळेकडून ५४६ धावा. २०१८ मध्ये अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकणारा कॅप्टन. त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच टेस्टमध्ये वेस्ट इंडिजविरुद्ध १३४. टेस्ट पदार्पणात शतक करणारा तो सर्वात तरुण भारतीय. २०२१ च्या आयपीएलमध्ये शिवम मावीच्या एकाच ओव्हरमध्ये सहा चौकार. चेन्नईला जे हवं होतं, ते याने करून दाखवलं होतं.

त्यात तो विरारचा. लोकलने मैदानावर जाणारा मुलगा आणि सोबत किट बॅग सांभाळणारे वडील, हे चित्र आपल्याकडे कोणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. डोंबिवलीचा अजिंक्य रहाणे, कल्याणचा तुषार, पालघरचा शार्दुल ठाकूर, सगळ्यांची गोष्ट याच गाडीतून जाते. बदलापूरहून सीएसएमटी म्हणजे एका बाजूचा जवळपास ७० किलोमीटरचा प्रवास. आझाद मैदान किंवा शिवाजी पार्कवर सकाळी पोहोचायचं तर अंधारात घर सोडावं लागतं. इथल्या माणसाला पृथ्वी ‘आपला’ वाटतो तो यामुळे. आणि आपल्या माणसाला अजून एक चान्स मिळावा असं वाटणं यात गैर काही नाही.

चाहत्यांकडे एक पक्का दाखलाही होता. २०२३ च्या मोसमासाठी चेन्नईने अजिंक्य रहाणेला फक्त ५० लाखांत घेतलं. टी-ट्वेंटीसाठी तो संपला, असंच सगळे म्हणत होते. त्याने १७२ च्या वर स्ट्राइक रेटने ३२६ धावा केल्या आणि चेन्नई चॅम्पियन झाली. बाजूला पडलेल्या मुंबईकराला चेन्नई पुन्हा उभं करते, हा समज उगाच तयार झालेला नाही. रहाणेचं जमलं तर पृथ्वीचं का नाही?

फरक कुठे होता?

चेन्नईत येण्याआधीच्या मोसमात रहाणे काय करत होता ते बघा. तो मुंबईचा रणजी कॅप्टन होता, डिसेंबर २०२२ मध्ये हैदराबादविरुद्ध त्याने डबल सेंच्युरी ठोकली होती आणि मोसमात सहाशेच्या वर धावा केल्या होत्या. लोकांनी त्याला बाजूला काढलं होतं, तो स्वतः मैदानातून बाहेर पडला नव्हता.

पृथ्वीचं उलट होतं. आयपीएलमधले त्याचे आकडे २०२१ मध्ये ४७९, २०२२ मध्ये २८३, २०२३ मध्ये १०६ आणि २०२४ मध्ये १९८ असे होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी टीममधून काढलं. त्यामागे फिटनेस आणि शिस्तीची कारणं असल्याचं तेव्हाच बाहेर आलं. नोव्हेंबरमध्ये जेद्दाहच्या लिलावात ७५ लाखांच्या मूळ किमतीलाही कोणी हात वर केला नाही. सय्यद मुश्ताक अली करंडक जिंकणाऱ्या मुंबईच्या टीममध्ये तो होता, पण लगेच विजय हजारे करंडकासाठी पुन्हा वगळला गेला. त्यावर त्याने स्वतःचे आकडेच पोस्ट केले: ६५ डाव, ३३९९ धावा, सरासरी ५५.७. आकडे खरे होते, पण ते आधीच्या वर्षांचे होते.

माझ्या मते चाहता आणि टीम यांच्या हिशोबात नेमका इथे फरक पडतो. चाहता खेळाडूचा सगळ्यात चांगला दिवस लक्षात ठेवतो, तर टीमला त्याचे मागचे सहा महिने बघावे लागतात. शिवाय टीममध्ये जागा २५ च. हट्ट करायला पैसे लागत नाहीत, जागा मात्र लागते.

पैशाचा मुद्दा इथे नव्हताच. आयपीएलच्या नियमानुसार बदली खेळाडूला जखमी खेळाडूपेक्षा जास्त रक्कम देता येत नाही. ऋतुराजची रक्कम १८ कोटी, पृथ्वीची मूळ किंमत ७५ लाख. चेन्नईने त्याला घेतलं नाही, कारण तिला तो नको होता.

अमेरिकेतला टीबो

अगदी असाच प्रकार अमेरिकेत घडलाय. तिथल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक म्हणजे टीमची प्रत्येक चाल सुरू करणारा माणूस. टिम टीबो हा जॅक्सनव्हिल भागात वाढलेला, कॉलेजात स्टार झालेला, प्रचंड लोकप्रिय क्वार्टरबॅक. पण बॉल अचूक फेकण्यात तो कच्चा होता. २०१२ मध्ये जॅक्सनव्हिल जॅग्वार्सने १६ पैकी फक्त दोन मॅच जिंकल्या आणि चाहते टीबोच्या मागे लागले. नव्या जनरल मॅनेजरने पहिल्याच पत्रकार परिषदेत सांगून टाकलं की तो इथे येईल अशी कल्पनाही करवत नाही. २०१३ मध्ये त्याच्यासाठी स्टेडियमबाहेर जमायची हाक दिली गेली, पण फार थोडे लोक आले.

गंमत म्हणजे २०२१ मध्ये जॅग्वार्सने टीबोला घेतलंच. त्याचा कॉलेजमधला कोच तिथे आला होता. त्याला वेगळ्याच जागेवर खेळवायचं ठरलं, त्याच्या नावाच्या जर्सी धडाधड खपल्या, आणि पहिल्या सराव सामन्यानंतर त्याला काढूनही टाकलं. लोकांनी मागितलेला खेळाडू आणून काय होतं याचं उत्तर प्रत्येक वेळी हेच येईल असं नाही, पण जर्सी खपणं आणि मॅच जिंकणं हे दोन वेगळे धंदे आहेत हे त्यातून दिसतं.

चेन्नईने काय केलं?

१४ एप्रिलला चेन्नईने ऋतुराजच्या जागी १७ वर्षांच्या आयुष म्हात्रेला घेतलं. रक्कम ३० लाख. मुंबईचा सलामीवीर, पहिल्या बॉलपासून मारणारा आणि राहणारा कुठला, तर विरारचा!

चाहत्यांच्या यादीतली एकेक अट बघितली तर म्हात्रे ती पूर्ण करत होता, फक्त नाव वेगळं होतं. आणि ही निवड घाईत झालेली नव्हती. नोव्हेंबर २०२४ मध्ये, लिलावाच्या आधीच, चेन्नईने मुंबई क्रिकेट असोसिएशनला पत्र लिहून त्याला ट्रायलसाठी मागितलं होतं. लिलावात तोही विकला गेला नव्हता. पण त्या मोसमात त्याने रणजीत महाराष्ट्राविरुद्ध १७६ केले होते आणि ३१ डिसेंबरला विजय हजारेत नागालँडविरुद्ध १८१. म्हणजे ज्या महिन्यांत मुंबईने पृथ्वीला बाहेर बसवलं, त्याच महिन्यांत त्याच टीमचा दुसरा सलामीवीर धावा काढत होता.

२० एप्रिलला वानखेडेवर मुंबई इंडियन्सविरुद्ध त्याने १५ बॉलमध्ये ३२ केले. ३ मे रोजी बंगळुरूत ४८ बॉलमध्ये ९४. चेन्नई ती मॅच दोन धावांनी हरली. सात मॅचमध्ये त्याच्या २४० धावा झाल्या, स्ट्राइक रेट जवळपास १८९. नंतर त्याच उन्हाळ्यात तो भारताच्या अंडर-१९ टीमचा कॅप्टन म्हणून इंग्लंडला गेला.

पण म्हात्रे आला म्हणून टीम सुधारली, असं झालं नाही. १४ मॅचमध्ये चार विजय घेऊन चेन्नई पहिल्यांदाच तळाला, दहाव्या नंबरवर राहिली. ‘एक माणूस आणा, सगळं ठीक होईल’ ही समजूत योग्य माणूस आणल्यावरही खरी ठरली नाही. पृथ्वी आला असता तर प्लेऑफ गाठली असती असं म्हणणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

आणि पृथ्वी?

पृथ्वीने जुलै २०२५ मध्ये मुंबई सोडून महाराष्ट्राची वाट धरली. रणजीच्या पहिल्या मॅचमध्ये केरळविरुद्ध तो आधी शून्यावर गेला, दुसऱ्या डावात ७५ केले. पुढच्या मॅचमध्ये चंडीगडविरुद्ध त्याने १५६ बॉलमध्ये २२२ ठोकले. त्याच टीममध्ये ऋतुराज होता, ज्याच्या जागेसाठी चाहते सहा महिन्यांपूर्वी त्याचं नाव घेत होते.

१६ डिसेंबर २०२५ ला अबू धाबीच्या लिलावात पृथ्वीचं नाव दोनदा पुकारलं गेलं आणि दोन्ही वेळा शांतता. शेवटी दिल्ली कॅपिटल्सने, त्याच्या जुन्याच टीमने, मूळ किमतीला म्हणजे ७५ लाखांना घेतलं. त्या एप्रिलमध्ये त्याच्याकडे लोकांचा पाठिंबा होता, या लिलावावेळी त्याच्याकडे ताज्या धावा होत्या. दिल्लीचा निर्णय धाडसाचा वगैरे मला वाटत नाही, स्वस्तातला आणि समजूतदार वाटतो.

त्याच लिलावात चेन्नईनेही ७५ लाखांना एक मुंबईकर उचलला. सर्फराज खान. त्याला घ्या म्हणून ओरडणारेही कमी नव्हते. फरक एवढाच की लिलावाच्याच दिवशी मुश्ताक अली करंडकात राजस्थानविरुद्ध त्याने २२ बॉलमध्ये ७३ धावा केल्या होत्या.